फिलोथियाला सेकंड शिफ्ट नव्हती

माझी सेकंड शिफ्ट दुपारी दोनला सुरू होते आणि रात्री दहाला सुटते. मौद्याच्या पुढे हायवेला लागून एक कारखाना आहे, तिथे मी ठेकेदाराकडे कामाला आहे. घरी येऊन, हातपाय धुऊन, जेवून अंथरुणावर पाठ टेकेपर्यंत साडेअकरा वाजतात. त्यानंतरचा अर्धा तास मोबाईलचा. गेल्या वर्षी उपवासकाळात तो अर्धा तास मी एका चारशे वर्षं जुन्या पुस्तकाला दिला, तोही नाइलाजाने.

नाइलाज असा. आमच्या साइटवर एक सुपरवायझर होता. माझं पूर्ण नाव कळल्यापासून तो मला 'दूधपावडर' म्हणायचा. ज्यांना हे कळलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो: मराठी ख्रिस्ती माणसाला मारायचा हा जुना टोमणा आहे. तुमच्या आजा-पणजाने मिशनच्या गव्हासाठी, दूधपावडरसाठी धर्म बदलला, असा त्याचा अर्थ. चार लोकांत तो म्हणायचा, लोक हसायचे, मीसुद्धा हसायचो. एका रात्री घरी आलो, आईने विचारलं, "भाजी गरम करू का?" आणि मी हातातला डबा भिंतीवर फेकला. का, ते तिला कळलं नाही. मलाही लगेच कळलं नाही.

पुढच्या रविवारी मिस्सेला नागपूरला गेलो तेव्हा कन्फेशनमध्ये हे सांगितलं. डब्याचं सांगितलं, सुपरवायझरचं नाही. फादरांनी नेहमीच्या प्रार्थना दिल्या आणि बाहेर भेटल्यावर एक जुनं इंग्रजी पुस्तक हातात ठेवलं. म्हणाले, "रागावरचं प्रकरण आधी वाच. आवडलं नाही तर परत दे." पुस्तकाचं नाव 'इंट्रोडक्शन टू द डिव्हाउट लाइफ'. लेखक संत फ्रान्सिस डी सेल्स. ज्या कॅथेड्रलच्या आवारात आम्ही उभे होतो, ते त्याच संताच्या नावाचं. सदरमधल्या त्या पाटीखालून मी लहानपणापासून जातोय. हा माणूस लेखक होता हे मला तेव्हा कळलं.

आधी पुस्तकाची ओळख करून देतो, मग भांडण.

फ्रान्सिस डी सेल्स १५६७ मध्ये सव्हॉय प्रांतात जन्मला. आज तो भाग फ्रान्समध्ये येतो. तो जिनिव्हाचा बिशप होता, पण जिनिव्हा शहर प्रोटेस्टंटांच्या ताब्यात असल्यामुळे राहायचा आनसी नावाच्या तळ्याकाठच्या गावात. तरुणपणी प्रचाराला गेला तेव्हा लोक ऐकायला येईनात, म्हणून तो पत्रकं लिहून दारांखालून सरकवायचा. १९२३ मध्ये पोपने त्याला लेखक-पत्रकारांचा आश्रयदाता संत जाहीर केलं, त्यामागे हेच. व्हॉट्सॲप फॉरवर्डचा आद्य पुरुष म्हणा हवं तर, फक्त फॉरवर्ड स्वतः लिहिलेला असायचा.

मादाम द शार्मोआझी ही त्याच्या नात्यातल्या एका सरदाराची बायको. संसारात राहून देवाच्या जवळ कसं जायचं, हा तिचा प्रश्न. तिच्यासाठी लिहिलेल्या टिपणांचं आणि पत्रांचं १६०९ मध्ये पुस्तक झालं. त्यात तिला 'फिलोथिया' नाव दिलंय, म्हणजे देवावर प्रेम करणारी. सगळं पुस्तक या फिलोथियाशी बोलल्यासारखं आहे. काळ डोळ्यांसमोर यावा म्हणून सांगतो, गोव्यात फादर थॉमस स्टीफन्सचं मराठी 'क्रिस्तपुराण' छापलं गेलं ते १६१६ साली. म्हणजे दोन्ही पुस्तकांत दहा वर्षांचंही अंतर नाही.

आनसी ते नागपूर हा धागासुद्धा खरा आहे. याच संताच्या नावाने आनसीत १८३८ मध्ये एक मिशनरी संघ निघाला, पुढच्या दशकात तो भारतात आला, आणि १८८७ मध्ये नागपूर धर्मप्रांत झाला तो त्यांच्याच कामातून. त्यांच्यापैकी फादर गुरियन जाकिए मराठवाड्यात घोगरगावला जाऊन राहिले. वैजापूर-गंगापूरकडची महार वस्तीतली कितीतरी घरं त्या काळात कॅथलिक झाली. त्यातलं एक आमचं. पुढे वडील थर्मलच्या बांधकामावर गवंडी म्हणून मौद्याला आले आणि आम्ही इथलेच झालो. म्हणजे हे पुस्तक ज्या गावातून निघालं, तिथूनच आमचा धर्मही निघाला. तरी आमच्या घरात ते कधी नव्हतं. घरात जपमाळ होती, मातमाउलीची तसबीर होती आणि आजी होती.

पुस्तकाचे पाच भाग आहेत. पहिल्यात दहा चिंतनं: मरण, न्याय, नरक, स्वर्ग वगैरे. हा भाग मी भराभर उरकला. तुम्हीही उरकलात तर काही बिघडत नाही. दुसरा भाग प्रार्थनेचा, तिसरा सद्गुणांचा, आणि पुस्तक खरं जिवंत आहे ते तिसऱ्यात.

त्याचं म्हणणं साधं आहे. मोठे सद्गुण दाखवायची संधी माणसाला क्वचितच येते. हुतात्मा व्हायला कोणी रोज बोलावत नाही. पण लहान गोष्टी दिवसभर येत असतात: डोकेदुखी, दाढदुखी, सर्दी, नवऱ्याचा किंवा बायकोचा बिघडलेला मूड, फुटलेला ग्लास, हरवलेला रुमाल. ही यादी माझी नाही, त्याची आहे, आणि वाचताना मी थांबलो. धर्माच्या पुस्तकात फुटलेला ग्लास मी पहिल्यांदा पाहिला. माझा तर डबा होता.

रागावरचं प्रकरण फादरांनी सांगितलं म्हणून आधी वाचलं होतं. त्यातला सल्ला इतका हातात धरता येण्यासारखा आहे की आज एखाद्या समुपदेशकाने सांगितला तर त्याचा रील होईल. राग आला आणि चुकलात, तर ज्याच्यावर राग काढला त्याच्याशीच लगेच काहीतरी मऊपणाचं करा. उद्यावर टाकू नका. खोटं बोललेलं लगेच मागे घेणं हाच जसा त्यावरचा उपाय, तसंच हे. आणि राग नसतो तेव्हाच मऊपणाचा साठा करून ठेवा. लहानसहान बोलणंसुद्धा जमेल तितकं हळुवार बोला. मी दुसऱ्या दिवशी सकाळी डब्याचा पोचा काढून आणला आणि आईला सांगितलं, "चूक झाली." ती म्हणाली, "झाकण बसत नाही अजून." एवढंच झालं. पण ते न करता मी शिफ्टला गेलो असतो तर पुढचे चार दिवस घर कसं असतं, ते मला माहीत आहे.

त्याच्या पुढचं प्रकरण मला जास्त मोठं वाटतं: स्वतःशी मऊ वागण्याबद्दलचं. तो म्हणतो, काही लोक रागावतात, मग रागावलो म्हणून स्वतःवर रागावतात, आणि त्या रागाचाही त्यांना पुन्हा राग येतो. याला पश्चात्ताप म्हणायचं कारण नाही, तो अहंकारच आहे. आपण इतके चांगले असून आपल्याकडून असं झालंच कसं, याचा तो त्रागा. आम्हा कॅथलिक पोरांना अपराधी वाटणं फार लवकर शिकवलं जातं. त्यावर इतका नेमका उतारा एका बिशपने चारशे वर्षांपूर्वी लिहून ठेवला होता आणि तो कोणी आम्हाला सांगितला नाही, याची मला थोडी चीड आली. (चीड आल्याची चीड मात्र येऊ दिली नाही.)

रोजच्या बारीक नियमांनी माणूस बदलतो, हे मौद्यात कोणाला पटवून द्यावं लागत नाही. इथे बाबा जुमदेवजींच्या मानवधर्माचा आश्रम आहे. सत्य, मर्यादा, प्रेम हे त्यांचे तीन शब्द, आणि व्यसन सोडायचं. आमच्या गल्लीत एक काका आहेत, त्या तीन शब्दांवर त्यांची दारू सुटली. त्यांचं घर त्याआधी कसं होतं ते मी पाहिलंय. म्हणून 'छोट्या गोष्टींतून पवित्रता' असं कोणी म्हटलं की मी हसत नाही. फ्रान्सिसकडे तीन शब्दांऐवजी शंभर प्रकरणं आहेत, आणि खरं सांगायचं तर त्यातली पन्नास जास्त आहेत. प्लिनीच्या जुन्या ग्रंथांतून उचललेल्या मधमाश्या, हत्ती, विषारी मध यांच्या गोष्टी पानोपानी येतात. हत्तीची शुद्धता नवरा-बायकोंना आदर्श म्हणून सांगितली आहे, तिथे मी रात्री बारा वाजता एकटाच हसलो. पण मधूनच एक असं चित्र येतं की बाकीचं माफ होतं: लहान मूल एका हाताने बापाचा हात धरून दुसऱ्या हाताने कुंपणावरची बोरंबिरं तोडतं, तसं एका हाताने देव आणि दुसऱ्या हाताने आपलं काम. (बोरं माझी, त्याच्याकडे तिकडची फळं आहेत.)

आता तक्रारी. पहिली किरकोळ आहे. तो फिलोथियाला सांगतो, रोज एक तास ध्यान कर, जेवणाआधी, जमलं तर पहाटे. फिलोथियाला सेकंड शिफ्ट नव्हती. तिच्या घरी पाणी भरायला, स्वयंपाक करायला माणसं होती, आणि त्या माणसांना पहाटे एक तास मिळत होता की नाही, हे पुस्तक विचारत नाही. तरी इथे मी त्याच्यावर अन्याय करणार नाही. तास जमला नाही तर काय, याचं उत्तर त्याने दिलंय: दिवसभर कामात असताना मनातल्या मनात एक-दोन शब्दांची हाक मारत राहा. बाकी सगळ्या प्रार्थनांची कसर या हाकेने भरून निघेल, पण हिची कसर दुसऱ्या कशाने भरणार नाही. बागेतून निघताना माणूस चार फुलं तोडून दिवसभर हुंगत राहतो, तसा सकाळचा एखादा विचार खिशात ठेवायला तो सांगतो. हे मी करून पाहिलं. कन्व्हेयरच्या आवाजात जमतं. पहिल्या आठवड्यात तीन दिवस जमलं, दुसऱ्यात पाच, तिसऱ्यात एकदाही नाही. सिएनाच्या कॅथरिनला घरच्यांनी प्रार्थनेची खोली दिली नाही, तेव्हा तिने मनातच खोली बांधली, असं तो सांगतो. ती स्वयंपाकघरात राबत असल्याचंही येतं. जातं ओढणारी जनाबाई ज्यांना माहीत आहे त्या मराठी वाचकाला यात नवल वाटायचं नाही. ओळखीचं मात्र वाटेल.

दुसरी तक्रार किरकोळ नाही.

पुस्तकाच्या सुरुवातीलाच त्याचं सगळ्यात गाजलेलं प्रकरण आहे. देवाने झाडांना आपापल्या जातीप्रमाणे फळ द्यायला सांगितलं, तसं प्रत्येकाने आपापल्या जागेप्रमाणे भक्ती करावी. सरदाराची वेगळी, कारागिराची वेगळी, नोकराची, राजाची, विधवेची, लग्न झालेलीची वेगळी. कारागीर साधूसारखा दिवसभर चर्चमध्ये बसला तर ते हास्यास्पद होईल. आणि शिपायाच्या छावणीतून, कारागिराच्या दुकानातून, संसारी घरातून भक्तीला हाकलणं हा सरळ पाखंडीपणा.

युरोपात हे वाक्य दार उघडणारं होतं. पवित्रता म्हणजे मठातल्यांची मक्तेदारी, हा समज त्याने मोडला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये सगळ्यांनाच पवित्रतेचं बोलावणं आहे असं लिहिलं, ते त्याने साडेतीनशे वर्षं आधी एका बाईला सांगितलं होतं. मला हे समजतं. पण 'आपापल्या जातीप्रमाणे', 'आपापल्या जागी' हे शब्द मी मराठीत मनात म्हटले तेव्हा माझ्या कानाला वेगळंच ऐकू आलं. आमच्याकडे या वाक्याला स्वधर्म म्हणतात आणि त्याने दारं उघडली नाहीत, लावली. तू तुझं काम कर, तिथेच तुझा देव. सावता माळ्याला मळ्यात देव भेटला ही गोड गोष्ट आहे, कारण मळा त्याचा होता. चोखोबाला संतपद मिळालं, पण मंगळवेढ्याला भिंतीखाली गाडला जाईपर्यंत त्याच्या वाट्याला वेठच आली, आणि पंढरपुरात त्याची समाधी महाद्वाराच्या बाहेरच राहिली. त्याच्या लोकांना आत जायला १९४७ साल आणि साने गुरुजींचं उपोषण लागलं. फ्रान्सिसला हे माहीत असायचं कारण नाही. पण मला माहीत आहे, आणि वाचतोय मी.

इथपर्यंत मी स्वतःला समजावलं. कारागिराला तू कारागीरच राहा असं तो म्हणत नाही. कारागीर आहेस तोवर भक्ती कशी कर, एवढंच सांगतो. मग तिसऱ्या भागातलं सहावं प्रकरण आलं. तिथे नम्रतेची शेवटची पायरी सांगितली आहे: आपल्या हीनपणावर प्रेम करणं. इंग्रजीत शब्द 'ॲबजेक्शन' आहे. मी ते पान माझ्या मित्राला दाखवलं. तो बौद्ध आहे, माझ्याच शिफ्टला असतो, आणि १४ ऑक्टोबरच्या आसपास दरवर्षी दीक्षाभूमीला जातो. त्याने मोबाईलवर शब्दाचा अर्थ पाहिला आणि म्हणाला, "म्हणजे लोकायनं अपमान करावा अन् आपण त्याच्यावर प्रेम करावं? काहून बे?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. बाबासाहेबांनी १९५६ मध्ये नागपुरात लाखो लोकांसमोर ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यासुद्धा रोज जगायच्या पायऱ्याच आहेत, आणि त्यातली एकही पायरी खाली जात नाही. आमचं मात्र त्रांगडं आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या यादीत आधी हिंदूच धरले, १९५६ मध्ये शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती अजून बाहेर आहेत. कागदावर आम्हाला जात नाही. सुपरवायझरच्या तोंडात मात्र आहे. अशा माणसाला हीनपणावर प्रेम कर असं सांगणारं पुस्तक मी दोन दिवस उघडलं नाही.

तिसऱ्या दिवशी उघडलं ते चिडून, चुका काढायला. आणि टीका लिहायची म्हटल्यावर माणूस जरा नीट वाचतो, तसं झालं. त्या प्रकरणात एक उदाहरण आहे. मठातला साधू फाटका झगा घालून आला तर सगळे त्याला मान देतात. तोच फाटका कपडा गरीब कारागिराच्या अंगावर असेल तर लोक हसतात. साधूची गरिबी मानाची, कारागिराची अपमानाची. दुसरं उदाहरण: एकाला हातावर गळू झालं, दुसऱ्याला तोंडावर. पहिल्याला फक्त दुखतं. दुसऱ्याला दुखतंही आणि लोक किळसही करतात. म्हणजे दुःख वेगळं आणि त्यावर बसलेली लाज वेगळी, हे त्याला स्वच्छ दिसलं होतं. पुढे तो म्हणतो, तोंडावरचं गळू बरं करायचा उपाय जरूर करा. ज्या वाईटातून अपमान आला ते वाईट दूर करायला तो मनाई करत नाही. पण सगळ्यात चांगला हीनपणा कोणता, तर आपण न निवडलेला, आपल्या परिस्थितीतून आलेला, असंही त्याच प्रकरणात आहे. तिथे मी पेनाने मोठं प्रश्नचिन्ह काढलंय. सरदाराच्या बायकोला हे सांगणं वेगळं. तिला समाजाने दिलेली जागा उंच होती, तिला थोडं खाली उतरायचं होतं. जो खालीच ढकललेला आहे त्याला तेच औषध त्याच मात्रेत कसं चालेल? डॉक्टरसुद्धा वजन बघून गोळी देतो.

याच सुमारास आजीला फोन लावला. ती अजून गावीच असते. इकडचं तिकडचं झाल्यावर मी टोमण्याबद्दल सांगितलं. वाटलं होतं ती नेहमीसारखं 'नम्र राहा बाबा' म्हणेल. ती म्हणाली, "मंग? पेलो की दूध. दुष्काळ व्हता. लेकरं रडत व्हती. फादरनी दिलं, पेलो. चांगलं व्हतं. त्यात लाजायचं काय?" मग विचारलं, "त्याच्या गावात कोण देत व्हतं का?" आणि हसली.

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ बसून होतो. तिच्या आवाजात राग नव्हता, माफीही नव्हती. जी गोष्ट लपवावी म्हणून मी महिनाभर हसत होतो, ती तिने अशी सांगितली जशी कोणी पावसाची सांगतं. हीनपणावर प्रेम म्हणजे काय, ते मला फ्रान्सिसच्या पानावर कळलं नव्हतं. आजी अपमानावर प्रेम करत नव्हती. अपमान करणाऱ्याने जिला लाजेची जागा ठरवलं होतं, तिथे तिला लाजच वाटत नव्हती. फ्रान्सिसला हेच म्हणायचं होतं असा दावा मी करणार नाही. त्याचं पान याच्या जवळ येतं आणि मग दुसरीकडे वळतं. पण त्याने दुःख आणि लाज वेगळी करून दाखवली नसती, तर आजीचं बोलणं मी म्हातारीचं बोलणं म्हणून सोडून दिलं असतं.

मला उपयोगी पडलं ते नम्रतेचं प्रकरण नाहीच, त्याच्या आधीचं, सहनशीलतेचं. तिथे तो म्हणतो, संकट आलं तर हाताशी असतील ते उपाय करा. उपाय न करणं म्हणजे देवाची परीक्षा पाहणं. आरोप खरा असेल तर मान्य करा. खोटा असेल तर शांतपणे नाकारा, कारण सत्याचं आणि शेजाऱ्याच्या भल्याचं देणं तुमच्यावर आहे. गप्प बसून सहन करा, असं तिथे नाही. नाकारणं हे कर्तव्य म्हणून लिहिलंय. मी इतकी वर्षं ज्या हसण्याला नम्रता समजत होतो, ती या पुस्तकाप्रमाणे नम्रता ठरतच नाही. तो माझा भित्रेपणा होता, आणि त्याचं बिल आईच्या डब्यावर फाटलं.

पण पुढच्याच वाक्याशी माझं पुन्हा भांडण आहे. एकदा नाकारून झालं आणि तरी ते आरोप करत राहिले, तर मग मनाला लावून घेऊ नका, सोडून द्या, असं तो सांगतो. एका माणसाच्या बाबतीत हे शहाणपण आहे. तीन पिढ्यांवर तेच खोटं बोललं जात असेल तर एकदा नाकारून भागतं का? फ्रान्सिसच्या पुस्तकात अपमान नेहमी एका माणसाचा होतो. वस्तीचा, समाजाचा अपमान त्याच्या नजरेतच नाही. त्याची फिलोथिया एकटीच असते: एकटी प्रार्थना करते, एकटी नाचाला जाते (नाच म्हणजे अळंबी, उत्तमातली उत्तमही फारशी कामाची नाही, हे त्याचं मत मला अजून आठवतं), एकटीच सहन करते. सोबत कोणाला घेऊन ती तक्रार करायला जात नाही.

ही उणीव त्याच्यापुरती नाही. लिझ्यूच्या तेरेजाचा 'लहान मार्ग' वाचा, किंवा २०१८ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी पवित्रतेवर लिहिलेलं पत्र वाचा. त्यात बाजारात गेलेली एक बाई आहे, चहाडी सुरू होते, ती मनात म्हणते, मी कोणाचं वाईट बोलणार नाही. घरी येऊन थकलेली असूनही मुलाचं ऐकून घेते. सुंदर आहे, आणि चारशे वर्षांनंतरही ती फिलोथियाचीच बहीण आहे. सहन करणाऱ्याची पवित्रता कॅथलिक लेखकांनी फार बारकाईने लिहिली आहे. निवेदन लिहून खाली सह्या गोळा करणाऱ्याची अजून तितकी नाही. ती लिहायला वसईत किंवा घोगरगावात कोणी बसलं असेल तर मी वाचायला तयार आहे.

सुपरवायझरचं काय झालं, ते राहिलं. एके दिवशी चहाच्या वेळी त्याने हाक मारली, "ए दूधपावडर." मी हसलो नाही. शक्य तितक्या हळू आवाजात म्हणालो, "हो साहेब, माझी आजी प्यायली. दुष्काळ होता, भूक होती. पण धर्म त्यासाठी बदलला हे खोटं आहे. आमचं घर त्याच्या खूप आधी ख्रिस्ती झालं होतं." आवाज थरथरत होता. तो म्हणाला, "अबे, गंमत केली." दोन दिवस गप्प होता. मग पुन्हा सुरू. तेव्हा मित्राने आणि मी ठेकेदाराला लेखी अर्ज दिला. पहिला मसुदा मित्राचा होता, त्यात दोन शिव्या होत्या. त्या मी काढल्या. मित्र म्हणाला, "तुह्या त्या बिशपनं सांगितलं का?" मी म्हटलं, हो. खाली तिघांच्या सह्या आहेत. तिसरी सही मानवधर्मवाल्या काकांच्या पोराची. अर्जाचं अजून काही झालेलं नाही.

ईस्टरनंतर पुस्तक परत करायला गेलो. पेनाने रेघा मारल्या होत्या, समासात लिहिलं होतं, त्यामुळे जरा संकोच वाटत होता. "फादर, खराब झालंय थोडं," म्हटलं. त्यांनी उघडून पाहिलं. सहनशीलतेच्या प्रकरणाच्या समासात मी निळ्या पेनाने एकच शब्द लिहिला होता: 'एकदाच?' त्यावर ते थोडा वेळ थांबले. मग विचारलं, "हे डब्याबद्दल नव्हतं ना?"

मी नाही म्हणालो. ते बाजूच्या बाकावर बसले आणि म्हणाले, "बस. आता सांग."

बसला अजून पाऊण तास होता.